दशक्रियेच्या घाटावर तळलेली वाम

ज्याला बुधवारी सुट्टी असते त्याला मित्र नसतात. नव्वदीच्या दशकात मी ओझरजवळच्या एका लहानशा कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो. विजेच्या वाटपासाठी कारखान्यांना सुट्टीचे वार वाटून दिले होते आणि आमच्या वाट्याला बुधवार आला होता. बुधवारी सगळं नाशिक कामावर असतं. आमच्यातले संसारी लोक त्या दिवशी दळण, गॅस, पोरांची शाळा असलं काहीबाही उरकत. मी तेहतीस वर्षांचा बिनलग्नाचा माणूस. माझं दळण खानावळीत आणि पोरं अजून कुठल्याही शाळेत नव्हती.

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. आमच्याकडे बुधवार म्हणजे माशाचा वार. माझे घरमालक माळकरी. खोली देतानाच त्यांनी सांगितलं होतं, "कांदा-लसूण चालंल, सिगारेटपण चालवून घेऊ. मासळी मात्र उंबऱ्याच्या आत नको. सुकीसुद्धा नको." त्यामुळे दर बुधवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून बसनं नाशिकला यायचो आणि गोदाघाटावर जायचो. लोक तिथे पाप धुवायला येतात. मी मासे खायला यायचो.

बुधवारी घाटावर बाजार भरतो. देवळांच्या पायऱ्यांपासून सुरू होऊन तो नदीच्या कडेकडेनं खालच्या पुलापर्यंत पसरत जातो. वर फुलं, भाज्या, खाली मिरच्या, घमेली, दोरखंड आणि अगदी शेवटी, देवांना वास जाणार नाही अशा बेतानं, सुके बोंबील आणि सुकट. त्याच्याही पलीकडे एका मावशींची पत्र्याची शेड होती. तिथे गंगापूर धरणाचा मासा तळून मिळे. गिऱ्हाईक म्हणजे बाजारातलेच विक्रेते आणि टेम्पोवाले.

पहिल्याच दिवशी मी तिथे माझी शोभा करून घेतली. वामीचा, म्हणजे सापासारख्या लांबट माशाचा, तुकडा हातात धरून मी शेजारच्या मिरचीवाल्याला समजावत होतो, की गोड्या पाण्यातल्या माशाला चव अशी नसतेच, मासा खावा तर समुद्राचा, आणि काटा कसा काढायचा हे आमच्याकडे पोरं पाळण्यातच शिकतात. पुढचं वाक्य मला बोलता आलं नाही. काटा घशात आडवा बसला होता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मावशींनी शांतपणे कोरड्या भाकरीचा एक मोठा गोळा माझ्या तोंडात कोंबला आणि पाठीत असा दणका दिला, की भाकरी, काटा आणि माझं पांडित्य सगळं एकदमच खाली गेलं.

"बघा रे," त्या शेडभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "समुद्रावरचं पाव्हणं धरणात बुडालं!"

त्या दिवसापासून माझं नाव समुद्रवाले पडलं. आणि खरं सांगतो, नाशकात मला कुणीतरी ठेवलेलं ते एकमेव नाव होतं. कारखान्यात मी "स्टोअर" होतो.

वाम मात्र मला आवडायला लागली. मावशी तिचे जाड तुकडे कातडीसकट ठेवायच्या, ठेचलेला लसूण, हळद आणि लाल तिखट चोळून ज्वारीच्या पिठात घोळवायच्या आणि काळ्या कढईत सोडायच्या. वरून करकरीत, आत लोण्यासारखे मऊ. सोबत बाजरीची भाकरी आणि हातानं फोडलेला कांदा. पहिले दोन घास मी समुद्राशी तुलना करत खायचो. तिसऱ्या घासाला समुद्र विसरायचो. अडचण एवढीच होती, की शेडमधलं कुणीही दहा मिनिटांपेक्षा जास्त बसत नसे. माल उघड्यावर टाकून आलेली माणसं ती. मी "काय म्हणतो बाजार?" असं म्हणेपर्यंत समोरचा हात धुऊन गेलेला असायचा.

म्हणून माझा उरलेला दिवस घाटावर कुणीतरी बोलायला मिळतंय का हे शोधण्यात जाई. एकदा एका परगावच्या जोडप्याला मी आपणहून सगळी कुंडं आणि देवळं दाखवली, कोणतं कुणी बांधलं तेही सांगितलं. तासभर छान गेला. शेवटी त्या बाईंनी पाटीवर वाचून दाखवलं, की मी ज्याला अमुक कुंड म्हणत होतो ते तमुक आहे. नवऱ्यानं मला पाच रुपये देऊ केले. मी ते घेतले नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मात्र घ्यावी लागली.

अशाच एका बुधवारी शेड गच्च भरली होती. मी वाम आणि भाकरी कागदात बांधून घेतली.

"समुद्रवाले," मावशी म्हणाल्या, "पुलाच्या वरच्या अंगाला न्यायची नाय बरं. तिकडं देवाचं असतंय."

"छे हो मावशी, मला काय कळत नाही का?" असं म्हणून मी सरळ पुलाच्या वरच्या अंगाला गेलो.

का गेलो? शेडबाहेर, पुलाच्या खालच्या अंगाला, त्या वेळी धोब्यांची दोन गाढवं सोडली तर कुणी नव्हतं. आणि वर माणसं होती. एवढंच कारण. माझं कुणाशी काही काम नव्हतं, पण जेवताना आजूबाजूला कुणीतरी बोलत असावं, एवढी साधी हाव होती. रामकुंडाच्या अलीकडे एका लहान देवळाची बुटकी दगडी भिंत आहे. तिच्या आडोशाला पायरीवर बसलो, मांडीवर कागद लपवला आणि चोरून खायला लागलो. काटे आणि डोक्याचा तुकडा हातात धरवेना, म्हणून पाठीमागे, भिंतीपलीकडे टाकत गेलो.

पंधरा-वीस पायऱ्या खाली एका कुटुंबाची दशक्रिया चालली होती. शेतकरी मंडळी. त्यांच्या बोलण्यावरून कळलं, की झेंडूचा मळा आहे, गेलेले म्हातारे फुलं पिकवायचे. थोरला मुलगा शहरात कॉलनीत राहणारा, पँट-शर्टातला, नुकतंच डोकं भादरलेला. धाकटा गप्प. सगळ्यांच्या मागे, डोक्यावरून पदर घेतलेली त्यांची आई. पिंड मांडून झाला होता. आता कावळा शिवायची वाट बघत होते.

कावळा काही येईना.

"दादा, तुम्ही काळजी करू नका," थोरला हात जोडून पिंडाला म्हणाला, "धाकट्याच्या लग्नाचं मी बघतो."

कावळा नाही.

"विहिरीचं काम पुरं करतो."

नाही.

गुरुजींच्या मागे पुढचं कुटुंब पिंड घेऊन तयार उभं होतं. गुरुजी म्हणाले, "आणखी काही राहिलंय का बघा. मनातलं बोला."

थोरल्यानं घसा साफ केला. "आईला मी शहरात घेऊन जातो. मळ्यात एकटी ठेवत नाही. पुढच्या महिन्यातच नेतो, दादा. वर खोली रिकामी आहे."

हे मात्र सगळ्यांना पटलं. एक नातेवाईक म्हणाले, "हां, हेच राहिलं होतं बघा. म्हातारीपाशीच जीव अडकलाय त्यांचा." सगळ्यांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. आभाळात एकही कावळा नव्हता. पुलावर नाही, झाडावर नाही. गोदाघाटावर दशक्रियेच्या वेळी कावळा नाही, ही गोष्ट कधी ऐकली होती का कुणी?

तेवढ्यात माझ्या पाठीमागे काहीतरी फडफडलं.

मी मान वळवून भिंतीपलीकडे पाहिलं. घाटावरचे झाडून सगळे कावळे तिथे पंगतीला बसले होते. वामीच्या डोक्यावरून दोघांची जुंपली होती. बाकीचे काटे उचलत होते. सगळं अत्यंत शिस्तीत, पोटभर चाललं होतं. भातासाठी उठण्याची कुणालाही घाई नव्हती.

माझ्या हातातला घास हातातच राहिला. खाली एका मेलेल्या माणसाची इच्छा शोधायला त्याचा मुलगा एकामागून एक शब्द देत होता, आणि इकडे मी ती इच्छा तळून खात होतो. उठून पळावं, तर हातातला कागद सगळ्यांना दिसणार. बसावं, तर हा बिचारा आता शेत धाकट्याच्या नावावर करतो म्हणेल. गुरुजी दर्भाचा कावळा करायला दर्भ शोधू लागले. मी घाबरून उभा राहिलो आणि दोन्ही हात वर करून, आवाज न करता, पिसाळल्यासारखे हलवले. सगळा थवा काव काव करत उठला.

त्याच क्षणी मागे बसलेली ती आई बोलली. दहा दिवसांच्या रडण्यानं आवाज बसलेला होता, पण शब्द स्वच्छ होते. "मी कुठंच जाणार नाय. मी मळ्यातच राहीन. माझ्यासाठी जीव अडकवू नका."

एक कावळा सरळ खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

नातेवाइकांनी हात जोडले. मघाचे ते गृहस्थ लगेच म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? मळाच अडकला होता त्यांचा." थोरला आईकडे बघत राहिला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं खरंच वर खोली तयार ठेवली असणार. तो एवढंच म्हणाला, "ठीक आहे. दादांचीच इच्छा."

परतीच्या बसमध्ये मी हिशोब मांडला. माझ्या भुकेपायी एका म्हातारीला उरलेला जन्म एकटीनं मळ्यात काढावा लागणार होता. एकटं राहणं म्हणजे काय याचा अंदाज त्या बसमध्ये माझ्याइतका कुणालाच नसेल. खोलीवर येऊन मी शर्ट धुतला. तेलाचा डाग गेला नाही.

तीनेक महिन्यांनी बाजाराच्या वरच्या टोकाला, फुलवाल्यांच्या ओळीत, ती मला दिसली. पुढ्यात झेंडूचा ढीग होता. मी पावशेर घेतला. पुढच्या बुधवारी पुन्हा घेतला. माझ्या खोलीत देव नव्हता, त्यामुळे तो झेंडू खिडकीत वाळत पडायचा आणि घरमालकांना वाटायचं, की पोरगं अखेर मार्गाला लागलं. चौथ्या बुधवारी मी तिच्या समोर उकिडवा बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मासा, भिंत, कावळे, सगळं.

तिनं तागडी खाली ठेवली. "ठावं हाय मला," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"तुमच्या शर्टावर तेल गळत व्हतं. आन् सारं कावळं तुमच्या मागं. माझी नजर काय अधू हाय का?"

"मग बोलला का नाहीत?"

"कधी बोलावं तेच बघत व्हते. तुम्ही हात उचलला, तवा म्हनलं, आता बोलावं."

ती हसली नाही. झेंडूवर पाणी शिंपडत म्हणाली, "थोरला माझं कधी ऐकत नाय. बापाचं ऐकायचा. मग बापालाच बोलाया लावलं."

"आणि त्यांची खरी इच्छा काय होती हो?"

"त्यांची? ते म्हनले असते, जा थोरल्याकडं, बस टीव्ही बघत." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "पन रातीचं लय मोठं वाटतं घर. ते बोलत नव्हते फार, खोकायचे नुसते. तेवढा आवाज असायचा." आणि लगेच पदर सावरून, "घरी कोन कोन असतं तुमच्या?"

"मीच असतो."

"मंग या की एकदा मळ्यात. येताना वाम आना तळलेली. मी भाकरी टाकते. एकटीसाठी काय करू वाटत नाय."

"येईन की," मी म्हणालो.

मी गेलो नाही. आधी वाटलं, लगेच कसं जायचं. मग वाटलं, आता फार उशीर झाला, कसं जायचं. माझ्यासारख्या माणसांचं सगळं आयुष्य या दोन वाटण्यांच्या मध्ये मावतं. दर बुधवारी पावशेर झेंडू घ्यायचो, ती "कधी येताय?" म्हणायची, मी "पुढच्या" म्हणायचो. मग कारखान्याची सुट्टी बुधवारची शनिवारी गेली आणि माझा बाजारच बंद झाला. रजा काढता आली असती. ढीगभर शिल्लक होती. पण रजेच्या अर्जात कारण लिहावं लागतं, आणि ते कोणतं लिहायचं हे मला सुचत नव्हतं.

दोन हजार साल उलटून गेल्यावर एका बुधवारी मी खरोखरच रजा काढली. कारण लिहिलं, "घरगुती." फुलांच्या ओळीत तिच्या जागी दुसरीच बाई होती. तिला विचारलं.

"त्या व्हय? गुडघं गेलं त्यांचं. बाजाराला येत नाय आता. थोरला न्याया आला व्हता दोनदा. गेल्या नाय. मळ्यातच हायत." आणि तिनं न विचारताच पत्ता सांगितला. निफाडची बस धरायची आणि कालव्याच्या पुलापाशी उतरायचं.

मावशींकडून मी दोघांपुरती वाम बांधून घेतली आणि स्टँडवर निफाडच्या बसमध्ये जाऊन बसलो. खिडकीशी जागा मिळाली होती. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, पहिली दोन वाक्यं तर पाठच केली होती. कंडक्टर आला, "कुठं?" म्हणाला. आणि माझ्या तोंडून निघालं, "ओझर."

"ही ओझरला नाय जात हो. चला, उतरा लवकर."

मी त्याला म्हणू शकलो असतो, चुकलो, कालव्याचा पूल द्या. चार शब्द होते. मी उतरलो. बस गेली. वाम गरम होती तोवर ती मी स्टँडवरच उभ्यानं खाल्ली, दोघांचीही.