आतोबा समुद्राला निघाले

प्रवासाला न जाता प्रवासाने दमलेला माणूस उभ्या हैदराबादेत एकच होता, आणि तो आमच्या नात्यात होता. माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा. त्यांना भीमुनिपट्टणला जायचं होतं. विशाखापट्टणच्या पलीकडचं हे समुद्रकाठचं लहानसं जुनं गाव. तिथे डच लोकांची थडगी, दीपगृह, नदीचं मुख आणि पुढे नुसतं पाणी. आतोबांना थडगी बघायची होती, आत्याला पाणी. लातूरकडच्या कोरड्या गावात वाढून लग्नानंतर दिलसुखनगरात आलेल्या आत्याने समुद्र कधी पाहिलाच नव्हता. तो दाखवायचं आतोबांनी नव्या नवलाईत कबूल केलं होतं आणि ते शब्दाला पक्के होते. आधी तयारी पुरी व्हायला हवी, एवढंच त्यांचं म्हणणं.

ही तयारी मात्र संपता संपत नसे, कारण कुठल्याही बेतात आतोबांना आधी अरिष्ट दिसायचं. नवा होल्डॉल आणला, तर तो बैठकीत पसरून त्यावर झोपून पाहिला आणि सकाळी पाठ धरली म्हणून बेत महिनाभर पुढे गेला. थर्मासमध्ये सकाळी भरलेला चहा संध्याकाळी पिऊन त्यांनी थर्मास नापास केला. एकदा तर रंगीत तालीम म्हणून आत्याला पहाटे टँकबंडावर नेलं. हुसेनसागर हाच समुद्र समजायचा, चपला हातात धरायच्या, पिशव्यांवरची नजर काढायची नाही, अशा सूचना झाल्या. आत्या तळ्याकडे पाहत म्हणाली, "तालमी पुष्कळ झाल्या. आता नाटक दाखवा." गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ निघाल्यावर तर त्यांचं फावलंच. रविवारी सकाळी ते भीमुनिपट्टणच्या लॉजवाल्याला फोन करून समुद्र शांत आहे का, वादळाची लक्षणं आहेत का, अशी चौकशी करत. तो बिचारा दर वेळी "सार, मीरु येप्पुडु वस्तारु?" म्हणजे तुम्ही येणार कधी, एवढंच विचारी. ह्यावर आतोबा फोन ठेवून देत.

पण कळस होता तो प्रस्थानाचा. निघायच्या दिवशी मुहूर्त बरा नसेल तर आधीच्या चांगल्या घटकेला नारळ, सुपारी, तांदूळ एका फडक्यात बांधून दुसऱ्याच्या घरी ठेवायचे, म्हणजे माणूस निघाला असं धरतात. आतोबांना कुठलाच दिवस बरा दिसत नसल्यामुळे ते दरवर्षी दिवाळीनंतर आमच्याकडे प्रस्थान ठेवायला येत. गाठोडं आमच्या देवघरात ठेवलं की त्यांचा चेहरा निवळायचा. आईच्या हातचा चहा घेत ते गाडीत जागा कशी मिळाली, थडग्यांवर काय कोरलंय, हे असं सांगत की जणू काल परतलेत. माझी खात्री आहे, त्यांचा प्रवास तिथेच होऊन जाई. आठवड्याभराने ते गाठोडं न्यायला येत आणि नारळ आमच्याकडेच चटणीला ठेवून जात. आम्ही पोटभर हसायचो. आत्याही हसायची, पण अलीकडे ती उशिरा हसायची.

मग काळ पालटला. आतोबांचा कारखाना बंद होण्याच्या वाटेला लागला आणि त्यांना मुदतीआधीच निवृत्ती घ्यायला लावली. शेजारचे लोक सिंगापूर पाहून येऊ लागले. आतोबा मात्र दिवसभर खिडकीशी बसू लागले. आता वेळच वेळ होता आणि धीर नव्हता. त्याच सुमारास आत्याला दाराची चौकट लागू लागली, बाजूला ठेवलेला तांब्या कलंडू लागला. आम्ही तिला वेंधळी म्हणून चिडवलं. आबिड्सच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर कडेकडेने मिटत आलीय, गेलेली परत येणार नाही, उरलेली किती दिवस टिकेल सांगता येत नाही, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आमच्या दारात उभी. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात आतोबांचं मनगट. गाठोडं तिने स्वतः बांधलं होतं. आतोबा पुटपुटत होते की आज अमावस्या आहे, डोळ्यांत औषध घालायचंय, आठवड्याने पाहू. आत्याने गाठोडं देवाजवळ ठेवलं आणि आईला म्हणाली, "वहिनी, प्रस्थान ठेवलं की माणूस निघाला असंच धरतात ना? मग आम्ही आता घरी जात नाही. इथूनच सिकंदराबाद स्टेशन." आतोबांनी माझ्याकडे पाहिलं. "हौ," ते हळूच म्हणाले, "जाऊ मग." सोबतीला मी गेले.

गाडीत रात्र उभ्यानेच काढावी लागली. आतोबांनी भाकीत केलेलं एकही अरिष्ट आलं नाही.

भीमुनिपट्टणला पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. थडग्यांकडे आतोबांनी पाहिलंही नाही, थेट वाळूत उतरले. समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत समुद्रच समुद्र. आत्या बराच वेळ नीट उभी राहून बघत होती. मग तिने विचारलं, "अहो, एवढासाच असतो का हो?"

आतोबांनी आयुष्यभर सगळी संकटं कल्पून ठेवली होती, पण हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांचा चेहरा मला बघवेना. थोड्या वेळाने ते तिच्या मागे जाऊन उभे राहिले, दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला आणि दीपगृहापासून नदीच्या मुखापर्यंत अगदी सावकाश फिरवत नेला.

"हा बघ," ते म्हणत होते, "हाही. आणि हासुद्धा."