डायरीतल्या दोन कोऱ्या ओळी

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नव्हती. ती गेली तेव्हाही नव्हती. मुलांना नाही, खात्यातल्या दोस्तांना नाही, आणि निवृत्तीच्या समारंभात माझ्या सचोटीवर जे भरभरून बोलले त्यांना तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतोय? नीटसं कळत नाही. पण तोंड उघडलंच आहे, तर आता मागे फिरत नाही.

राज्य अजून मुंबई राज्य होतं तेव्हाची गोष्ट. चिंचवडच्या बाजूला एका लहानशा ठाण्यात मी फौजदार होतो. आजूबाजूला बाजरीची शेतं, मधूनच एखाद्या नव्या कारखान्याचं कुंपण, पिंपरीला निर्वासितांच्या बराकी. ठाण्यात माणसं पाच, सायकली दोन. आणि हवालदार गुलाब मुलाणी. मुलाणी चाकणकडचे, वयाने माझ्या वडिलांएवढे. जमादारीच्या यादीत त्यांचं नाव लागलं होतं. वर्षभरात जमादार होणार, मग सन्मानाने निवृत्त. मी त्यांना नुसतं ‘मुलाणी’ म्हणायचो, ते मला ‘साहेब’. त्यात तेव्हा मला काहीच वावगं वाटलं नाही.

त्या सुमारास पुण्यात नोकरीतल्या अधिकाऱ्यांसाठी एक अभ्यासक्रम निघाला. पदवीच्या पुढचा — पोलीस नेतृत्व आणि प्रशासन. दोन वर्षं वर्ग, शेवटी प्रबंध. मला आठवड्यातून दोन दुपारी जायची परवानगी मिळाली होती. दोनच. पण शनिवारी एक निवृत्त बडे अधिकारी शिकवायला यायचे, तेच परीक्षक होणार अशी बोलवा होती. मला त्यांच्या नजरेत भरायचं होतं. म्हणून मी शनिवारीही जाऊ लागलो. न विचारता.

आता डायरीबद्दल सांगायला हवं. ठाण्याच्या डायरीत घडेल ते घडेल त्या वेळी लिहायचं — कोण आलं, कोण गेलं, कुणाची तक्रार. मध्ये एक ओळही कोरी सोडायची नाही, कारण कोरी ओळ म्हणजे मागाहून खोटं लिहायला ठेवलेली जागा. हे शिपाईसुद्धा पहिल्या महिन्यात शिकतो. मी मुलाणींना म्हणालो, शनिवारी माझ्या नावापुढे ‘गस्तीस रवाना’ असं लिहीत जा.

 ते म्हणाले, “न्हाई साहेब. खोटं माझ्या हातानं न्हाई व्हायचं. तुमचा हुकूम असंल तर दोन वळी जागा सोडतो. आल्यावर तुमी तुमच्या हातानं भरा.”

मला राग आला होता, हे कबूल करतो. हवालदाराने फौजदाराला शिकवावं? पण गाडीची वेळ झाली होती. “सोडा जागा,” म्हणालो आणि स्टेशन गाठलं. पुढे तीच रीत पडली. दर शनिवारी दोन ओळी, आणि संध्याकाळी परतल्यावर त्या मी भरायचो. 

एका शनिवारी डेप्युटीसाहेब न कळवता तपासणीला आले. मी पुण्यात वर्गात बसलो होतो. त्या दिवशी विषय कोणता होता, सांगू? हाताखालच्या माणसाच्या चुकीला वरिष्ठ कितपत जबाबदार. मी पानंच्या पानं उतरवून घेत होतो.

परतलो तेव्हा साहेब निघून गेले होते. डायरीतल्या दोन कोऱ्या ओळींवर तांबड्या शाईची फुली होती. मुलाणी टेबलापाशी उभे. त्यांनी सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, फौजदार कुठे? हे म्हणाले, बाहेर गेलेत. जागा कुणी सोडली? हे म्हणाले, मी. बघा — एक अक्षर खोटं नाही. आणि मग मला म्हणाले, “तुमचं नाव म्या न्हाई घेतलं. तुमीच सांगा काय ते.”

मी सांगेन, यात त्यांना शंकाच नव्हती. ते माझ्या डोळ्याला डोळा भिडवून उभे होते, आणि मी मात्र टोपी खुंटीला अडकवायला वळलो.

दोन दिवसांनी लेखी खुलासा मागवला गेला. खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं? फार तर ताशेरा. अभ्यासक्रम मात्र नक्की सुटला असता. मी लिहिलं — ‘रावेतकडे गस्तीस होतो. निघताना नोंद घेण्यास हवालदारास सांगितले होते. त्यांनी ती घेतली नाही. वयपरत्वे कामात शैथिल्य आले आहे.’ हे शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते मी आपल्या मनाने घातलं. का? खुलासा पक्का दिसावा म्हणून. एवढंच कारण होतं.

मुलाणींच्या बाहीवरच्या फिती उतरल्या. हवालदाराचे शिपाई झाले. जमादारीच्या यादीतून नाव गेलं, बदलीही झाली. चौकशीत माझा खुलासा त्यांना वाचून दाखवला, काही म्हणायचं आहे का विचारलं. ते म्हणाले, न्हाई. हे मला लेखनिकाने सांगितलं, आणि मी — सुटलो, असं मनात म्हणालो. अगदी याच शब्दांत.

इथे थांबता आलं असतं. पण मी तिथेही थांबलो नाही. प्रबंधात एक प्रकरण कनिष्ठांवरच्या देखरेखीचं होतं, आणि त्यासाठी स्वतःच्या अनुभवातला दाखला हवा होता. मी तोच दिला. ‘एक वयस्क हवालदार, दोन कोऱ्या ओळी.’ परीक्षकांनी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘हवालदाराचे म्हणणे काय होते?’ तोंडी परीक्षेत त्यांनी तेच विचारलं. मी उत्तर दिलं, “जागा आपणच सोडली, असं त्याने कबूल केलं होतं, सर.” ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. मी पहिला आलो.

त्यानंतर मुलाणी मला एकदाच भेटले. चाकणच्या बाजारात बंदोबस्ताला होते. अंगात तोच जुना खाकी शर्ट. उन्हाने सगळा विटलेला, फक्त बाहीवर फिती होत्या तेवढी जागा गडद राहिलेली. त्या हाताने त्यांनी मला सलाम केला. म्हणाले, “साहेब, आपल्या ठाण्यावर तुमी बुक लिवलं म्हणं, इंग्रजीत. आमचं नाव हाय का त्यात?”

टोमणा होता का? नाही. मुलाणींना टोमणा मारता येत नव्हता. मारला असता तर मला फार बरं वाटलं असतं.

मी म्हणालो, “आहे.”

“मग झालं,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला. बाजूला कांद्याच्या गाडीवाल्याला मोठ्याने सांगितलं, “हे आमचं फौजदार.”

त्यालाही आता खूप वर्षं झाली. मुलाणी गेले. मी वर चढत गेलो. त्या प्रबंधाचा उल्लेख प्रत्येक बढतीच्या कागदात होता. ती डायरी केव्हाच रद्दीत गेली असणार. पण त्या दोन ओळींत काय लिहायला हवं होतं, ते मला तेव्हाही माहीत होतं. ते लिहितो.

फौजदार परवानगी नसताना पुण्यास गेले.
ही जागा त्यांच्या हुकमाने सोडली.