खांबांची वाटणी

कुणी तावातावानं बोलायला आलं, की वहिनी आधी वेताची खुर्ची पुढे सरकवायच्या. "भांडायचंय ना? मग बसून भांडा. उभ्यानं भांडणारा माणूस निघून जातो."

मीही त्या खुर्चीवर पुष्कळ भांडलोय. मी त्यांच्या कोठीचा ठेकेदार. आमच्या शहराच्या लष्कर भागात राहत असाल तर खासगी बाजारामागची ती दगडी कोठी तुम्ही पाहिली असेलच. यजमान गेले, आणि दोघा दिरांनी ती पडाव भागातल्या एका हॉटेलवाल्याला विकायचं ठरवलं. धाकटे म्हणाले, "वहिनी, पुराने पत्थर में क्या रखा है? आपापला वाटा घेऊ, मोकळे होऊ."

"वाटे मी घालते," वहिनी म्हणाल्या. "आणि घालणारा शेवटी उचलतो, ही आपली रीत. आवडले नाहीत तर खुशाल विका."

मग मला बोलावणं आलं. कोठी दुरुस्त करायची, आणि आवारात तिच्याच तोंडवळ्याची दोन नवी घरं बांधायची. इथवर ठीक होतं. पण पुढे म्हणतात कशा, "कोठीच्या व्हरांड्याचे निम्मे जुने खांब काढून नव्या घरांना लावा. कोठीला त्या जागी नवे घडवा."

मी उडालोच! "अहो वहिनी, शंभर वर्षांचं छप्पर आहे, अंगावर येईल!"

"एकाला कोठी आणि दोघांना तिची नक्कल मिळाली, तर घर आजच पडलं समजा."

शेवटी हो म्हटलं. छपराला लोखंडी टेकू दिले. मिस्त्रीनं हनुमानाला नारळ बोलला, मीही मनात बोललो. पहिला खांब सुटला तसं छप्पर करकरलं आणि सगळे कारागीर मागे सरले. ही बाई मात्र ऐन छपराखाली बसलेली. "सावकाश," एवढंच म्हणाल्या.  सारा जन्म बांधकामात गेला माझा, पण घरावर असा जीव टाकणारं माणूस पाहिलं नव्हतं.

कुठला खांब कुठं लावायचा, हे त्याच ठरवायच्या. का म्हणून विचारलं, तर "तुम्ही चुन्याचं बघा" असं उत्तर मिळायचं.

वाटे उचलायच्या दिवशी धाकटे विकायच्याच तयारीनं आले होते. पहिल्या नव्या घराची पायरी चढले आणि थबकले. समोरच्या खांबावर खिळ्यानं ओढलेल्या आडव्या रेघा होत्या. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा हे शाळकरी, आणि दर दिवाळीला त्याच यांची उंची मोजायच्या.

"अरे, ये तो मेरा खंभा है!" पन्नाशी उलटलेला तो माणूस खांबाला पाठ लावून ताठ उभा राहिला. वहिनींनी टाचा उंचावून त्यांच्या डोक्यावर हात टेकवला. "वाढलात हो भाऊजी."

त्यांनी तेच घर घेतलं, थोरल्यांनी शेजारचं. कोठीला दोघांनीही हात लावला नाही. "म्हणजे ही शेवटी माझ्याच गळ्यात!" वहिनी कुरकुरल्या. कुरकुरताना पदरानं डोळे पुसत होत्या.

मागच्या थंडीत वहिनी गेल्या. कोठीला कुलूप लागलं आणि महिनाभरात हॉटेलवाला पुन्हा दारात हजर. मी तिथंच होतो, पन्हळ बघायला आलेलो.

"बडी कोठी तो अब खाली है," तो म्हणाला.

"खाली कैसे?" धाकटे म्हणाले. "हमारे घर के आधे खंभे तो उसी में खडे हैं."

आणि त्यांनी फाटक लावून घेतलं.