आठव्या मिनिटाची घंटा

मी इंजिनिअरिंग कॉलेजात मुलांना कमीत कमी शब्दांत बोलायला शिकवतो, आणि एवढा एक मुद्दा सांगायला मला अख्खं सत्र पुरत नाही. विषयाचं नाव 'तांत्रिक लेखन आणि सादरीकरण'. एका स्लाइडवर एकच गोष्ट, प्रत्येक आकृतीला नाव, तोंड श्रोत्यांकडे आणि वेळ संपली की गप्प. यातल्या पहिल्या तीन गोष्टी मला स्वतःलाही जमतात.

त्यामुळे कळवणहून थोरल्या भावाचा फोन आला, तेव्हा मला जरा बरंच वाटलं.

"अरे, मयूरीचं ते प्रेझेंटेशन हाय परवा, तुमच्या नाशकात. पोरीची लय घाबरगुंडी उडते. तू यातलाच मास्तर ना? बघ काहीतरी."

मयूरी म्हणजे दादाची मुलगी, एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला. साठवणीच्या चाळीत भरलेला कांदा आतून सडायला लागतो आणि आपल्याला कळेपर्यंत वास शेजारच्या गावात पोहोचलेला असतो. मयूरीनं चाळीतली हवा हुंगून आधीच इशारा देणारं यंत्र बनवलं होतं. त्यावर एका निवड समितीपुढे दहा मिनिटं बोलायचं होतं. निवड झाली तर यंत्र खऱ्या चाळींत बसवून बघायला मिळणार; नाही झाली तर ते प्रयोगशाळेच्या कपाटात धूळ खाणार. दोन वर्षांची मेहनत होती पोरीची.

अडचण एकच. आठव्या मिनिटाला समिती इशाऱ्याची घंटा वाजवते आणि ती ऐकली की मयूरीची वाचा बसते. मागे कॉलेजात घंटा झाल्यावर उरलेली दोन मिनिटं ती पडद्याकडे तोंड करून उभी होती.

"काका, मला सगळं येतं हो. फक्त ती घंटा..."

"सवयीचा प्रश्न आहे," मी तज्ज्ञाच्या सुरात म्हणालो. "उद्या दादाला घेऊन इकडे ये, तालीम करू. माणसं हवीत, पडदा हवा आणि घंटा हवी!"

(इथंच थांबलो असतो तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.)

माणसं सोसायटीत होती आणि हॉलची किल्ली सेक्रेटरी जगतापांकडे. हातात माईक नसला की जगतापांना अंगात शर्ट नसल्यासारखं वाटतं.

"साधी तालीम आहे हं," मी त्यांना बजावलं. "पंधरा-वीस जण बसले तरी पुरे."

"सर, तुम्ही निर्धास्त राहा!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही हॉलवर पोहोचलो, तर दारात रांगोळी, आत सरस्वतीचा फोटो, पुढ्यात समई आणि पडद्याच्या जागी भलामोठा फ्लेक्स! त्यावर मयूरीचा फोटो होता आणि माझा तिच्याहून मोठा. (मी हरकत घेतली नाही.)

"पडदा कुठे लावायचा?" मयूरीनं विचारलं.

"लावू ना बाळा. आधी दीपप्रज्वलन!"

दीपप्रज्वलन झालं. प्रास्ताविक झालं. प्रमुख पाहुणे म्हणून दादाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार झाला आणि ज्यांनी खुर्च्या मांडल्या त्यांचाही. दादा शालीतून माझ्याकडे झुकला. "पोरीचं कधी हाय?"

"होईल, होईल."

तेवढ्यात जगताप गरजले, "आता सरांनी दोन शब्द बोलावेत, अशी मी त्यांना विनंती करतो!"

पहिल्या रांगेत माझी बायको वैशाली देवघरातली पितळी घंटा मांडीवर घेऊन बसली होती. मयूरीच्या आठव्या मिनिटाला ती वाजवायचं काम तिच्याकडे होतं. तिनं मला डोळ्यांनी दटावलं. पण विषय होता 'नेमकं बोलणं', आणि त्यावर माझ्याइतकं कुणी बोलू शकत नाही.

मी नेमकेपणाचं महत्त्व सांगितलं, मग त्याचे प्रकार सांगितले, मग त्यातले अडथळे. मयूरीच्या मांडीवरचा लॅपटॉप झोपी गेला आणि त्यापाठोपाठ तिसऱ्या रांगेतले एक आजोबा. "जाता जाता शेवटचा मुद्दा," असं मी म्हणालो. बऱ्याच वेळानं पुन्हा म्हणालो.

तेव्हा वैशालीनं घंटा उचलली आणि जीव खाऊन वाजवली.

मी गप्प झालो. हॉल मात्र उठून उभा राहिला! समोर सरस्वती, तेवती समई आणि घंटेचा नाद. आणखी काय हवं? टाळ्यांचा ठेका सुरू झाला आणि मागच्या एका काकूंनी खड्या आवाजात आरती धरली.

"अहो, थांबा! ती वेळेची घंटा आहे!" मी ओरडलो.

"देवाच्या कामात वेळ कसली बघता, सर?" म्हणत जगतापांनी आरतीचं तबक माझ्याच हातात दिलं.

मी ओवाळू लागलो. वैशालीनं घंटा थांबवून पाहिली, तर शेजारच्या बायकांनी असे काही डोळे वटारले की ती पुन्हा वाजवू लागली. एक आरती झाली, दुसरी झाली, मंत्रपुष्पांजलीही झाली. मग पेढे वाटले गेले, आणि प्रसाद हातावर पडला की कार्यक्रम संपला हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मंडळी चपला शोधू लागली.

"छान झाला हो कार्यक्रम," काकू जाता जाता म्हणाल्या. "मुलगी किती गोड बोलली!"

मुलगी एक शब्दही बोलली नव्हती. ती कोपऱ्यात डोळे पुसत होती आणि ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लय भारी शिकवलंस, बाबा," दादा शालीची घडी घालत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी समितीनं दादाला, वैशालीला आणि मला मागच्या रांगेत बसू दिलं.

"काका, तुम्ही एक शब्द बोलायचा नाही," मयूरीनं बजावलं.

शब्द नाहीच बोललो. तिची सुरुवात झकास झाली. तोंड आमच्याकडे, आलेख सुटसुटीत. पण सातव्या मिनिटाच्या सुमारास तिची नजर टेबलावरच्या घंटेकडे जायला लागली आणि आवाज बारीक होत गेला. दादानं माझा हात घट्ट धरला.

टण्ण!

आणि मी ताडकन उठून उभा राहिलो. डोळे मिटून, हात जोडून! एक टाळीसुद्धा वाजवली. (सवयीचा प्रश्न!) मला बघून दादाही टोपी सावरत उठला. समितीचे तिन्ही सदस्य मान वळवून आमच्याकडे बघत राहिले.

मयूरीनंही बघितलं. आधी खुदकन हसली, मग तिला हसू आवरेना. पाण्याचा घोट घेऊन ती म्हणाली, "माफ करा, आमच्या घरचे आहेत." आणि पुढची दोन मिनिटं अंगणात मैत्रिणीशी बोलावं तशी बोलली. संपता संपता एक सदस्य यंत्र हातात घेऊन उलटसुलट करून बघत होते.

तासाभरानं निकाल सांगितला. मयूरीची निवड झाली होती! दादा टोपीनं डोळे पुसत होता आणि मी मोठ्या कष्टानं गप्प होतो.

इतक्यात समितीचे अध्यक्ष माझ्याकडे आले. "घंटा वाजल्यावर उभे राहिलात ते आपणच ना? आपण करता काय?"

सादरीकरण शिकवतो, हे सांगायला जीभ रेटेना.

"त्र्यंबकला पूजा सांगतो," मी म्हणालो.

दादाला ठसका लागला.

"अरे वा! आमच्या नव्या घराची वास्तुशांत करायचीय. फार वेळ नाही ना लागत तुम्हाला?"

मी तोंड उघडणार, तोच वैशाली म्हणाली, "छे हो! फक्त त्यांना दोन शब्द बोला म्हणू नका."