नसीमआपाच्या विटा

नसीमआपा पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी माझा पाय पाहिलाच नाही. मी आपला पलंगावर पाय लांब करून, लुंगी गुडघ्याच्या वर सारून, अगदी जय्यत तयारीत बसलो होतो. त्यांनी दारात चपला काढल्या आणि माझ्या बायकोला, सुनंदाला, विचारलं, "बाई, संडास कोन्या बाजूनं हाये?" सुनंदाला वाटलं, बाई जीपमधून आल्यात, अडचण असेल. तिने लगबगीने बादली भरून ठेवली. पण आपा आत गेल्याच नाहीत. दारात उभं राहून त्यांनी उंबऱ्याची उंची वितीने मोजली, भिंतीला धरायला काही आहे का ते चाचपलं, ओली फरशी पायाच्या अंगठ्याने घासून पाहिली. मग परत येऊन म्हणाल्या, "पाय मंग पाहू. घरात कुठं पडू शकते, ते आधी पाहा लागते." शेजारच्या काकू कुंपणापलीकडून सगळं ऐकत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सुताराकडून मधे भोक पाडलेली एक खुर्ची आली आणि संडासात जाऊन बसली. चौतिसाव्या वर्षी मी त्या खुर्चीचा धनी झालो.

मी तेव्हा कापूस खरेदी केंद्रावर हंगामी ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा, होतो. ग्रेडरचं काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगतो, ते टेबलावरचं काम नव्हे. बैलगाडीच्या चाकावर पाय द्यायचा, उटीला, म्हणजे गाडीच्या कडेच्या खुंटाला, धरून स्वतःला वर खेचायचं, कापसात गुडघे रोवून हात कोपरापर्यंत खाली घालायचा आणि तळचा कापूस ओला आहे का ते पाहायचं. दिवसाला शंभर-सव्वाशे गाड्या. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, केंद्रं उशिरा उघडत, गाड्या तीन-तीन दिवस रांगेत उभ्या असत आणि रांगेतला प्रत्येक माणूस माझ्या तोंडाकडे पाहत असे. हंगाम संपता संपता अशाच एका गाडीवर चढताना बैल बिथरले. मी चाकावरून थेट दगडावर आलो. गुडघ्याच्या वाटीचे दोन तुकडे झाले. यवतमाळला ऑपरेशन झालं, वाटीत दोन पिना आणि त्यांना आवळून एक तार बसली. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं तेव्हा आतून वाळल्या तुरीची एक तुराटी निघाली आणि ती कुठेच वाकत नव्हती.

डॉक्टरांनीच आपांचं नाव सुचवलं. त्या यवतमाळच्या एका दवाखान्यात व्यायामाच्या खोलीत बावीस वर्षं मदतनीस होत्या. शिकलेल्यांच्या शेजारी उभं राहून शिकलेल्या. आमच्या गावात, दारव्ह्यात, त्यांच्या भावाचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं, तिथे त्या मुक्कामाला असत. भाव पडला की रजया जाड होतात, असं तो म्हणायचा, आणि खरंच, त्या वर्षी लोक घरचा कापूस विकण्याऐवजी पोत्याने त्याच्याकडे आणून टाकत होते. आपांच्या ओढणीला नेहमी कापसाचे दोन-चार तंतू चिकटलेले असत.

त्यांची पद्धत विटांची होती. अंगणात विटांचे सात थर रचायचे, वर चौपदरी रजई टाकायची आणि त्यावर बसायचं, उठायचं. वीस वेळा सकाळी, वीस वेळा संध्याकाळी. गुडघा तेवढ्याला सरावला की आपा येणार, हात फिरवून सूज पाहणार आणि एक थर उतरवणार. थर फक्त त्यांनीच उतरवायचा, हा नियम. सुनंदाने एकदा झाडताना एक वीट हलवली तर तिलाही ऐकावं लागलं. दुखतं का, असं त्या कधी विचारत नसत. मी दात आवळून शूरपणा दाखवला की त्यांना राग यायचा. म्हणायच्या, "दुखलं तं सांगजो. तुह्या हिमतीचं मले काय लोनचं घालाचं हाये?"

त्यांची आणखी एक सवय म्हणजे बाजार. आठवडी बाजाराच्या दिवशी त्या भाजी घेत नसत, माणसं पाहत असत, तीही पाठमोरी. आपल्या हाताखालून गेलेला माणूस त्यांना चेहऱ्याने आठवत नसे, चालीने आठवे. एकदा मी त्यांच्याजवळ उभा होतो, तर कांदेवाल्यांच्या ओळीत शिरून त्यांनी एका धिप्पाड गड्याला दंडाला धरून थांबवलं. डाव्या पायावर भार देत नाहीस, बूट झिजलेत बघ, म्हणून भर बाजारात त्याला झापलं. तो बापडा पिशवी सांभाळत हो हो म्हणत होता. चार वर्षांपूर्वीचा पेशंट होता तो. डॉक्टर टाके काढले की सुटतात, आपांचा पेशंट काही सुटत नसे.

पोळ्यापर्यंत माझे दोन थर उतरले होते, पाच उरले होते. तेवढ्यात केंद्राचं पत्र आलं. दसऱ्याआधी हजर व्हायचं आणि साहेबांसमोर गाडीवर चढून दाखवायचं, नाहीतर नाव कमी. मी पत्र आपांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "कागदाले गुडघा नसते, बाप्पा. सबूर कर." मला सबूर नको होती. माझी झोप उडाली होती. हंगामी माणसाची जागा एकदा गेली की त्या जागेवर कोणाचा तरी भाचा येऊन बसतो, हे मी आठ वर्षं पाहत होतो. जेवताना, दाढी करताना, देवाला हात जोडताना माझ्या डोक्यात एकच हिशेब चालायचा, पाच थर आणि सहा आठवडे.

एका दुपारी सुनंदा माहेरी गेली होती. मी अंगणात गेलो, एक थर उतरवला, बसलो. जमलं. दुखलं, पण जमलं. मग मी दुसराही उतरवला.

बसताना गुडघ्यात कट् असा आवाज आला. मोठा नव्हता, सुपारी फोडल्याएवढा. मी तसाच रजईवर कलंडलो आणि बराच वेळ त्या तीन थरांकडे पाहत राहिलो. सगळ्यात आधी मनात काय आलं ते लाज सोडून सांगतो. डॉक्टर नाही, गुडघा नाही. आपा येण्याआधी ते दोन थर परत रचून ठेवावेत, असं आलं.

रचता आले नाहीत, कारण उठताच येत नव्हतं. शेजारच्या काकूंनी आपांना बोलावलं. त्या आल्या, आधी विटा पाहिल्या, मग मला. मला वाटलं आता फटके बसतात. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी पायाला फळी बांधली आणि जीप ठरवली. यवतमाळपर्यंत माझा पाय त्यांच्या मांडीवर होता. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्या पाय दोन्ही हातांनी अधांतरी उचलून धरत होत्या.

एक्स-रेच्या फोटोत तार एका जागी तुटलेली दिसली. हाड बरंचसं जुळलेलं होतं, म्हणून दुसरं ऑपरेशन टळलं, पण महिनाभर गुडघा वाकवायचा नाही आणि संक्रांतीपर्यंत त्यावर जोर द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणजे हंगाम गेला. परतीच्या जीपमध्ये आपा पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलल्या. केळापूरकडची एक बाई त्यांच्याकडे होती, मांडीचं हाड मोडलेली. मुलीच्या लग्नात कन्यादानाला पाटावर मांडी घालून बसायचंय म्हणून ती रोज रडायची. आपांना दया आली, त्यांनी घाई केली आणि हाडाला आत बसवलेली पट्टी वाकली. लग्न त्या बाईने खाटेवरून पाहिलं आणि पुढे काठी सुटली नाही. "दरसाल जातो मी तिच्याकडं," आपा खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "ते मले चहा पाजते. एकडाव शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं."

संक्रांतीनंतर आम्ही पुन्हा पाच थरांपासून सुरुवात केली. चौथ्या थरापर्यंत पोचायला दोन महिने लागले आणि तिथे गाडी अडली. मी घामाघूम व्हायचो, गुडघा टम्म फुगायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डॉक्टर म्हणत, होईल हळूहळू. सुनंदा म्हणे, होईल. सासऱ्यांनी पत्रात लिहिलं, ईश्वरकृपेने होईल. शेवटी एके सकाळी आपांनी गुडघ्यावरून हात फिरवला, रजईची घडी घातली आणि ती सुनंदाच्या हातात दिली.

"अरविंद, आता बस. हा गुडघा इतकाच वाकते. चालशील, सायकल मारशील, जिना चढशील. चाकावर पाय देऊन गाडीवर चढनं नाई."

मी त्यांना काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तुम्ही कोण ठरवणाऱ्या, तुम्ही डॉक्टर नाही, हेही बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि गेल्या. मला एका जिनिंग कारखान्यात वजनकाट्यावर कारकुनी मिळाली, खुर्चीवर बसायची. कापसाच्या गाड्या खिडकीतून दिसायच्या. वर कोणीतरी दुसरा चढलेला असायचा आणि माझा गुडघा आपोआप आवळायचा. दीड वर्षं मी आपांशी बोललो नाही. बाजाराच्या दिवशी त्यांना माझी पाठ दिसू नये म्हणून मी मागच्या गल्लीने जायचो.

मग एक दिवस सुनंदाने सांगितलं की आपांच्या हातांची बोटं आखडलीत, काम होत नाही आणि त्या लेकीकडे अमरावतीला कायमच्या चालल्यात. मी जेवण अर्धं टाकून निघालो. जीप स्टँडवर त्या मागच्या बाकावर खिडकीशी बसल्या होत्या. शेजारी रजईचं बोचकं होतं. मला पाहून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. मी माफीचं काहीतरी जुळवत होतो, तर त्यांनीच हाताने थांबवलं.

"मले एक सांगाचं राह्यलं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी बस म्हनलं ना, तवा मले पक्कं माहीत नोतं. अजून एखादा थर उतरलाही असता. पन तुह्ये डोये पाह्यले अन् मले भेव वाटलं. तू एकटा असला की पुन्हा विटा काढशील असं वाटलं. म्हनून मीच बंद केलं. तुले न इचारता."

ड्रायव्हर माणसं कोंबत होता. मी खिडकीच्या गजाला धरून उभा होतो. ज्या एका थरासाठी मी दीड वर्षं जळत होतो, तो कदाचित उतरला असता, हे ती बाई मला तोंडावर सांगत होती. मी राग शोधला, अगदी मनापासून शोधला. आणि मला ते अंगण दिसलं, ती दुपार दिसली, आणि जे मी सुनंदालाही कधी सांगितलं नव्हतं ते तोंडातून गेलं.

"मी काढल्या असत्या, आपा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. आखडलेल्या बोटांनी गजावरच्या माझ्या हातावर थोपटलं आणि जीप सुटली. पुढे तीन वर्षांनी अमरावतीलाच त्या वारल्याचं कळलं. निरोपाच्या त्या दिवशी स्टँडबाहेर रिक्षावाला ओळखीचा होता, बसा म्हणाला. मी नको म्हटलं. घर तिथून दीड मैल आहे. मी चालत आलो.