मनगटाचे ठोके

पहिला फोन आला तेव्हा सदू सहाणेवर बसून मृदंग वाजवत होता आणि दीपकच्या समजुतीप्रमाणे तो मरायला टेकला होता.

पालीच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत शिमग्याच्या आधी नमनाच्या, म्हणजे गाण्या-नाचाच्या खेळाच्या, तालमी सुरू होतात. शिमग्यात देवीची पालखी ज्या दगडी ओट्यावर बसते ती सहाण. दिवेलागणीला मंडळी तिथेच जमत. त्या दिवशी गण म्हणून झाला होता, गवळण रंगात आली होती, सदूने लय नुकतीच दुपटीला नेली होती. तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाईल वाजायला लागला. वाजायचा थांबेना, तेव्हा हर्षदने तो काढून कानाला लावला. हर्षद म्हणजे सदूचा पुतण्या. मंडळाचं सगळं तोच बघतो.

“तात्या, दीपक हाय. खाली बसा म्हणतोय.”

“बसलेलाच हाय की.”

“मग आडवे व्हा म्हणतोय.”

मंडळी हसली. तिकडे नालासोपाऱ्याच्या खोलीत दीपक मात्र हसत नव्हता. बापाच्या मनगटावरच्या घड्याळातला आकडा त्याच्या मोबाईलवर दिसत होता. एकशे अठ्ठ्याहत्तर.

ते घड्याळ त्यानेच गणपतीला आणलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी सदूचा थोरला भाऊ, हर्षदचा बाप, भाताच्या खळ्यात बसल्या जागी गेला होता. छातीत दुखतंय एवढंही बोलला नाही. दीपक मुंबईहून पोहोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून त्याला बापाची धास्ती. काळ्या पट्ट्याचं ते घड्याळ सदूच्या हातात बांधून त्याने बजावलं होतं, “काढायचं नाय. माझं इथनं लक्ष असणार.” सदूला ते आवडलंही होतं. चिरेखाणीत उमेदीची वर्षं घालवलेल्या, जांभ्याच्या धुळीने खरबरीत झालेल्या त्या हातावर घड्याळ उठून दिसे. “सदूच्या काळजाला मीटर बसवलाय,” असं वाडीत लोक म्हणत, तर तो हात पुढे करून दाखवी.

पण दुसऱ्या दिवशी तालमीला गेला तर मृदंग निलेशपुढे ठेवलेला होता. निलेश वरच्या वाडीतला, हाताने बरा पण अजून कच्चा. सदू काही बोलण्याआधीच हर्षद त्याला बाजूला घेऊन गेला.

“दीपकनं रात्री समदं सांगितलान. तात्या, माझा बापूस कसा गेला ता तुमी बघितलाव. आता माझ्या हातानं तुमच्या कमरेला मृदंग बांधायचा नाय माझ्याच्यानं. यंदा झांज घ्या.”

हर्षद चेष्टा करत असता तर त्याने दोन शिव्या हासडून मृदंग ओढून घेतला असता. पण पोराच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्याने झांज घेतली. तासाभरात पुन्हा फोन. आकडा पुन्हा तसाच चढलेला. मग झांजही गेली.

त्यानंतरचे दिवस सदूला जड गेले. तो सहाणेच्या कडेला, म्हातारे बसतात तिथे बसू लागला. निलेश मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावी ती कधी पातळ, कधी घट्ट. आवाज फुटका येई. सदू मान फिरवी. चिमाला, त्याच्या बायकोला, आणखीच वेगळं दिसत होतं. नवरा पाणंदीतून हळू चालत होता. लाकडाची मोळी उचलताना थबकत होता. जेवताना डावा हात छातीवर नेऊन चाचपत होता.

“दुखता काय?” तिने विचारलं.

“नाय. पण घड्याळ काय उगाच बोलंल?”

“मेल्या घड्याळाला काय ठावं? बांधलाय हातावर नि बोलता छातीचा.”

“यंत्र हाय ता. दीपकनं पैसं मोजलंत.”

चिमाने पुढे वाद घातला नाही. पण तो अंगणात नुसता बसून राहिला की तिला घर ओकंबोकं वाटे. लग्न करून आली तेव्हापासून फाल्गुनात या घरात कुणी गप्प बसलेलं तिने पाहिलं नव्हतं. मृदंग नसेल तेव्हा सदू पाटावर, डब्यावर, मांडीवर बोटं वाजवी. आता तेही बंद होतं.

एका सकाळी सदू आंघोळीला गेला. साबणाने पट्ट्याखाली खाज सुटते म्हणून त्याने घड्याळ काढून ओटीवर ठेवलं. आकडा दिसेनासा झाला की दीपक घाबरून फोन करी, म्हणून चिमाने ते आपल्याच हातात अडकवलं आणि मागच्या पडवीत व्हायनाशी बसून मिरच्या कुटायला घेतल्या. दगडात कोरलेल्या त्या उखळात मुसळाचा घाव एकसारखा पडू लागला. थोड्या वेळात मोबाईल वाजला.

“बाबा, परत मृदंग घेतलाव ना? एकशे साठच्या वर गेलाय.”

“बाबा न्हाणीत हाय,” चिमा म्हणाली. “घड्याळ माझ्या हातात हाय.”

दीपकचा आवाज बारीक आला. “आई, मग तुला काय होतंय?”

“मला शिंका येतायत. मिरच्या कुटतंय.”

“बस जरा. श्वास घे.”

“बसूनच कुटतंय रे. थांब.” तिने मुसळ खाली ठेवलं. “आता बघ काय बोलता.”

बराच वेळ गेला. “उतरतोय,” दीपक म्हणाला. “ऐंशी.”

तिने पुन्हा मुसळ उचललं. आकडा पुन्हा चढला. तिने घाव संथ केले, तो खाली आला. सदू पंचा गुंडाळून दारात उभा राहून हे बघत होता. मायलेकांचा खेळ चालला होता, मुंबईहून पोरगा म्हणत होता, “आता जोरात. आता हळू,” आणि बायको शिंकत शिंकत मिरच्या कुटत होती.

तरी दीपकचं पुरतं समाधान झालं नाही. डॉक्टरला दाखवल्याशिवाय मृदंगाला हात लावायचा नाही, असं त्याने वदवून घेतलं. हर्षद सदूला मोटारसायकलवरून रत्नागिरीला घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी छातीला वायरी लावल्या, फिरत्या पट्ट्यावर चालवलं, कागद बघितला. मग त्यांनी घड्याळ उलटं करून त्यातला हिरवा उजेड दाखवला. कातडीखालून रक्त वाहतं ते या उजेडात त्याला दिसतं, त्यावरून ते ठोके मोजतं. पण हात एका लयीत हलत राहिला की ते चुकतं. काळजाचे सोडून हाताचेच ठोके मोजायला लागतं.

“म्हणजे ह्यांना काय नाय?” हर्षदने विचारलं.

“प्रेशर थोडं वाढलंय, गोळी देते. बाकी वयाच्या मानाने चांगलं आहे. वाजवू देत. पण दम लागला, छातीत दाटलं, की तिथेच थांबायचं. तेव्हा घड्याळ काय म्हणतं ते बघत बसू नका.”

हर्षदने तोच प्रश्न आणखी दोनदा विचारला. बाईंनी दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं.

पालखी घरोघर निघाली त्या सकाळी दीपक आला होता. त्याच्यासमोर हर्षदने सदूच्या कमरेला मृदंग बांधला. शेला आवळताना गाठ दोनदा सुटली. मग सदूने मातीला हात लावून कपाळाला लावला आणि थाप दिली.

खालच्या वाडीतली सगळी घरं त्याने वाजवली. दीपक पालखीच्या दांड्याला होता; अधूनमधून मोबाईल बघत होता, मग बघायचा राहिला. वरच्या वाडीची पाखाडी, ती दगडी पायऱ्यांची वाट, चढताना मात्र सदू मध्येच थांबला. त्याने स्वतःच्या हाताने गाठ सोडली.

“निलेश, घे.”

हर्षद धावत आला, त्याच्या मागोमाग दीपक. हर्षदने सदूचं मनगट धरलं. “घड्याळ तर ब्याऐंशी बोलता, तात्या. काय होतंय?”

“त्याला चढायला लागला नाय,” सदू धापा टाकत म्हणाला. “मला लागला. दम भरलाय. बसतो वायच.”

“दुखतंय काय बाबा?”

“दुखत नाय. दुखला तर तुला सांगीन. आई शप्पत सांगीन.”

तो चिऱ्यांच्या गडग्यावर टेकला. दीपक शेजारी बसला. पालखी पुढे गेली. वरच्या अंगणात निलेशने गवळण धरली. दुपटीला जाताना त्याचा हात अडखळला, मग सावरला. सदूचा श्वास हळूहळू जाग्यावर आला. बोटं मात्र मांडीवर केव्हाच वाजायला लागली होती.

“चल,” तो दीपकला म्हणाला. “पुढल्या घराला माझी पाळी हाय.”