नळीच्या टोकाला

"योशी!" तोयोसु स्टेशनवर सिग्नलकडे बोट रोखून गार्ड ओरडला, म्हणजे 'ठीक आहे!', आणि मी थेट वीस वर्षांपूर्वीच्या कोबेच्या लॅबमध्ये जाऊन पडलो. सलाइनच्या पंपाचं माझं पहिलं डिझाइन. दुसऱ्या दिवशी ते हॉस्पिटलात जायचं होतं. प्रत्येक जोडाकडे बोट दाखवून असंच ओरडायचं, ही तिथली रीत. मी असा गरजलो, की बंदरातली जहाजं हलली असतील! पंप सुरू केला, तर नळी निसटून पाण्याची चिळकांडी थेट साहेबांच्या, ओकादा-सानांच्या चष्म्यावर. तेव्हा नोकरीची धास्ती वाटली. आता त्या नळीच्या टोकाला माणूस दिसतो आणि मी घरचा गॅससुद्धा सतरा वेळा तपासतो.

"पण मी योशी म्हटलं होतं, ओकादा-सान!"

त्यांनी चष्मा पुसला. "ऐकलं. बघितलं होतंत का?"